सुऱ्यातला अर्धा र

आमच्या कॉलेजात कऱ्हाळे सरांच्या दारावरची पाटी कधीच धड नव्हती. ऑफिसातला संगणक जुना, त्याला मराठीतला अर्धा र जमत नसे. तो बिनदिक्कत ‘कर्हाळे’ छापायचा, ह च्या डोक्यावर रफार ठेवून. नवी पाटी लागली की सर खिशातून काळा मार्कर काढत, रफार खोडत आणि क च्या पुढे स्वतःच्या हातानं अर्धा र काढत. दिवाळीच्या साफसफाईत शिपाई तो पुसून टाकायचा. सर पुन्हा काढायचे.

“सर, कळतं ना लोकांना, तुम्हीच ते,” मी एकदा वैतागून म्हणाले.

“कळतंय की. पर कुणी कर्हाळे म्हणून हाक मारली तर मला वळावं वाटत न्हाई, त्याला काय करू?”

नावाबद्दलचं त्यांचं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. “नाव म्हंजे काय, मॅडम? मागनं हाक आली अन् माणूस वळला, तेवढंच नाव. बाकी समदा कागद.” हे वाक्य त्यांनी मला रिक्षात, कँटीनमध्ये, परीक्षेच्या सुपरव्हिजनला, कुठं कुठं ऐकवलं असेल याला गणती नाही. मी इंग्रजी शिकवणार, ते संगणक शिकवणार, आणि नांदेडहून विष्णुपुरीपर्यंत आमची रिक्षा एकच. ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

सर आता नाहीत. त्यांच्यावरचा माझा राग मात्र तसाच आहे, आणि भांडायला समोर माणूस नाही म्हणून हे लिहिते आहे.

सर चाकूरजवळच्या एका खेड्यातले. लांब ढांगा, कायम अपुरी पडणारी पँट, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न, “जेवलात का?” सकाळी पावणेदहाला विचारलं तरी हाच. दुसरी सवय जास्त घातक होती. समोरचा बोलत असला की प्रत्येक वाक्याला ते “हाव, हाव” करत. आमच्या विभागप्रमुखांना दर वेळी वाटे, कऱ्हाळ्यांना पटलं. शेवटी सर शांतपणे म्हणत, “न्हाई.” त्यांच्या ‘हाव’चा अर्थ ‘मी ऐकून राहिलो’ एवढाच असे, हे कळायला मलाही काही सेमिस्टर गेली.

त्यांना नावांच्या नादाला लावलं त्यांच्या मुलानं. मुलगा सूर्यकांत, पण त्याला त्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. घरात, गल्लीत, कॉलेजात तो सुऱ्या. पुण्यात नोकरीला होता आणि त्याच्या बोटांना सतत काहीतरी नवं लागे. एकदा सुट्टीत आला आणि बापाला म्हणाला, “अप्पा, एक जागा सापडली बगा, जिथं तुमचा अर्धा र चालतोय.”

ती जागा म्हणजे ब्लॉकचेनवर नावं देणारी एक मंडळी. मला सरांनी समजावलं तसं सांगते. तिथले पत्ते म्हणजे आकड्याअक्षरांच्या लांबच लांब माळा, कुणाच्या लक्षात राहणं शक्य नाही. त्याऐवजी आपण एक नाव घ्यायचं. पैसे पाठवायचे तर त्या नावावर, फोटो ठेवायचा तर त्या नावाखाली. आणि हे नाव कुठल्या कंपनीच्या ताब्यात नसतं; त्याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकदमच असते. मालक कुणीच नाही, म्हणून नियम सदस्यांनी मतदान करून ठरवायचे. ज्यांना वेळ नाही त्यांनी आपलं मत विश्वासाच्या माणसाकडे सोपवायचं. असा सोपवलेल्या मतांचा माणूस म्हणजे प्रतिनिधी.

“म्हणजे ग्रामसभा,” मी म्हणाले.

“ग्रामसभाच. फकस्त गाव लई मोठं, अन् पारावर कुणीच बसत न्हाई.”

सुऱ्यानं स्वतःसाठी ‘सुऱ्या’ हे नाव घेतलं. त्याखाली धरणाच्या कठड्यावरचा आपला एक फोटो ठेवला आणि गंमत म्हणून दोन सेकंदांचं रेकॉर्डिंग. सर फोनवर नेहमी नुसतं “सुऱ्या?” म्हणत आणि थांबत. म्हणून त्यानं उत्तर भरून ठेवलं होतं. नाव टाईप केलं की फोटो उघडायचा आणि आवाज यायचा, “हाव अप्पा, बोला.”

बाप-लेक दोघंही त्यावर खदखदून हसले होते. मी पाहिलंय.

सर वर्षभरात त्या मंडळीत प्रतिनिधी झाले. संगणकावर मराठी, कोकणी, नेपाळी नावं घेणाऱ्या कितीतरी लोकांनी आपली मतं त्यांच्याकडे सोपवली. मत सोपवताना एक तरी प्रश्न विचारायचा, अशी सरांची अट होती. “प्रश्न न इचारता मत देतो त्याचं मत घेऊन मी काय करू?” चर्चेच्या जागी ते प्रत्येक प्रस्तावाला ठराव म्हणत, खाली सूचक आणि अनुमोदक कोण ते लिहायला लावत. तटस्थ राहणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. गणपूर्ती होत नसली की एकेकाला खासगी निरोप पाठवत, “जेवलात का? मग मत द्या.” हे इंग्रजीत केल्यावर फारच विचित्र दिसत होतं, म्हणून मी सुचवलं, पहिला भाग मराठीतच ठेवा. पुढे त्या मंडळीत ‘जेवलात का’ हा नमस्कारच झाला. ब्राझीलचा माणूस नायजेरियाच्या मुलीला सकाळसंध्याकाळ जेवलात का विचारू लागला.

त्यांच्या आयुष्यातली मोठी लढाई मी शेजारी बसून पाहिली. सुऱ्याही होता. तो सुट्टीवर आला होता. कॉलेज सुटल्यावर, लॅबमध्ये.

झालं असं होतं. संगणकावर मराठीतला अर्धा र दोन तऱ्हांनी काढता येतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षरच असतं. दुसऱ्या तऱ्हेत साध्या र चा पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे. त्या मंडळीतल्या सुरक्षेच्या लोकांनी ठराव आणला की, न दिसणारी सगळी चिन्हं बंद करा. चोर अशाच चिन्हांचा फायदा घेतात. पण तेव्हा बहुतेक मोबाईल अर्धा र त्या जोडचिन्हानंच काढत. ते गेलं असतं तर कऱ्हाळेचं कर्हाळे आणि सुऱ्याचं सुर्या.

सरांनी व्हिडिओवर जगभरच्या लोकांना आपल्या पुतणीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. लग्न चाकूरला. सरांनी धाकट्या भावाला मोबाईलवर निरोप धाडला की, येताना लातूरहून दोन आचाऱ्यांना घेऊन ये. भावाच्या जुन्या मोबाईलला अर्धा र दिसत नव्हता. तिथं उमटलं, ‘दोन आचार्यांना घेऊन ये.’ भाऊ आज्ञाधारक. त्यानं मठातून दोन आचार्य गाडीत घालून आणले, हार घालून, पाय धुऊन. मांडवात आचार्य दोन आणि स्वयंपाकी एकही नाही. मग वधूचा काका, म्हणजे सर स्वतः, बाह्या सरसावून भाताच्या हंड्याशी उभे राहिले.

“अन् भात लागला,” सर म्हणाले. “एका अक्षरापायी वऱ्हाड करपलेला भात खाऊन गेलं. आता बोला, ते चिन्ह ठेवायचं का काढायचं?”

मी हे इंग्रजीत करून सांगत होते आणि माझीच वाचा हसण्यानं बंद पडत होती. सुऱ्या तर टेबलाखाली जायचा बाकी होता. ब्राझीलचा माणूस काहीतरी मुद्दा मांडत होता आणि सर प्रत्येक वाक्याला “हाव, हाव” करत होते. त्याला वाटलं, हा इंग्रजीत ‘हाऊ, हाऊ’, म्हणजे ‘कसं, कसं’, विचारतोय. बिचारा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून समजावत राहिला.

सर जिंकले. मराठी अर्ध्या र पुरतं ते जोडचिन्ह चालू राहिलं. सुऱ्यानं बापाला लॅबमध्येच उचलून एक गिरकी मारली. सरांची चप्पल सुटून प्रिंटरवर पडली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सुऱ्या गेला. नांदेडहून गावाकडे मोटारसायकलवर निघाला होता, अहमदपूरच्या अलीकडे समोरून ट्रक आला. याहून जास्त मला लिहायचं नाही.

सर पुन्हा कॉलेजात आले तेव्हा पूर्वीसारखेच वर्गावर गेले, पूर्वीसारखेच जेवलात का विचारू लागले. फक्त दुपारचा डबा झाला की खिडकीशी जाऊन मोबाईलवर काहीतरी टाईप करत आणि मोबाईल कानाला लावत. “हाव अप्पा, बोला.” एवढंच. मग परत येऊन पेपर तपासत.  नाव दर वर्षी नव्यानं पैसे भरून चालू ठेवावं लागे, ते सर मुदतीच्या खूप आधी करत.

एकदा न राहवून मी म्हणाले, “सर, ते रेकॉर्डिंग मोबाईलमध्येच ठेवून द्या ना. कायमचं राहील.”

“ठेवलंय की. पर ते गाणं वाजवल्यावानी हाय. मी नाव घेतो अन् तो ओ देतो, ते येगळं. ते नाव तेनं सवताच्या हातानं लिवलंय, मॅडम.”

 मला मूल नाही, पण एवढं समजायला ते असावं लागत नाही.

मग सुनंदा कुऱ्हाडेचा फोन आला. ही उदगीरकडची बाई, आखातात नर्स. आईच्या ऑपरेशनसाठी भावाला पैसे पाठवत होती. भावानं ‘कुऱ्हाडे’ हे नाव घेतलेलं होतं, एका तऱ्हेच्या ऱ नं. कुणा चोरानं दुसऱ्या तऱ्हेच्या ऱ नं हुबेहूब तेच नाव घेऊन ठेवलं होतं. तिनं टाईप केलं, तिच्या मोबाईलनं दुसऱ्या तऱ्हेचा ऱ काढला, पैसे चोराकडे गेले. तिथं तक्रारीची खिडकी नाही, मालकच नाही. तिला कुणीतरी सांगितलं, नांदेडला एक सर आहेत.

सरांनी स्पीकर चालू ठेवला होता. ती रडत नव्हती. पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, “सर, मी नाव बरोबरच टाकलं होतं हो. तुम्ही बघा, बरोबरच हाय.”

“हाव,” सर म्हणत होते. “हाव, बाई. बरोबर हाय.”

त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, “हे दार मी उघडं ठेवलंय.”

आठवड्यातच त्यांनी ठराव लिहायला घेतला. अर्धा र एकाच तऱ्हेनं, स्वतंत्र अक्षरानं काढायचा. आता नव्या मोबाईलवर तो सहज येतो. जोडचिन्हाची नावं बंद. ती उघडणार नाहीत, पुन्हा भरताही येणार नाहीत. सूचक: कऱ्हाळे. मी तो कागद इंग्रजी तपासायला घेतला आणि तिसऱ्या ओळीवर थांबले.

“सर, सुऱ्याचं नाव कोणत्या तऱ्हेचं आहे?”

“जोडचिन्हाचं.”

“मग दुसऱ्या तऱ्हेनं घ्या लगेच.”

“ते तेलंगणातल्या कुण्या पोरानं कवाच घेतलंय. तेचंबी नाव सुऱ्याच असंल. तेचं कामून घेऊ?”

मी त्यांच्याशी भांडले. चांगली तासभर भांडले. ब्राझीलच्या त्या माणसाला कुठून तरी सुऱ्याबद्दल कळलं होतं. त्यानं स्वतःहून लिहिलं की, गेलेल्या माणसांच्या नावांना सूट देऊ, छोटीशी यादी करू, कुणाची हरकत नाही. खरंच कुणाची नव्हती. सगळे सरांवर जीव टाकत. मी म्हणाले, घ्या ना सर ही सूट, एका नावानं काय बुडणार आहे?

सर सगळं ऐकून घेत होते. हाव, हाव.

“मयताच्या नावावर रेशन उचलणारे आपल्याकडं किती हायत, ठाऊक हाय का?” ते शेवटी म्हणाले. “मेलेल्याला सूट दिली की उद्या चोर मयताचं नाव घेऊन येतोय. मग त्या सुनंदाबाईला काय सांगू? माझ्या पोरासाठी फट ठेवली होती म्हणून?”

“सर…”

“न्हाई.”

मी रागारागानं त्यांचं इंग्रजी नीट करून दिलं. ठराव मतदानाला गेला. कितीतरी लोक त्यांच्याकडे बघून तटस्थ राहिले आणि ठराव अडतो की काय असं झालं. सरांनी एकेकाला निरोप धाडला. “जेवलात का? मग मत द्या.” स्वतःच्या लेकराचं नाव पुसायला त्यांनी अशी घरोघर जाऊन मतं गोळा केली. ठराव मंजूर झाला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. शकुंतलावहिनी भाजी निवडत होत्या. त्यांच्या मोबाईलवरही ते नाव होतं. त्या दिवेलागणीला एकदा ऐकत. सरांनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं.

“बंद होणार म्हंजे? आवाज येणार न्हाई?”

“नावानं येणार न्हाई.”

“तुमी हात वर केला?”

“केला.”

वहिनींनी भाजीची देठं एका बाजूला सारली. आवाज चढला नाही. “गल्लीत पोरांचं भांडण झालं की तुमी आधी आपल्याच लेकराला मारायचे. चूक कुणाची, मागनं इचारायचे. तेला वाटायचं, अप्पा माझेच हायत म्हणून मारतेत.” त्या उठल्या. “बसा मॅडम, चहा टाकते.”

 मला तिथं बसवेना आणि उठवेनाही. चहा आला, आम्ही तिघांनी तो घेतला.

नवी पद्धत लागू झाली त्या दिवशी दुपारी सर डबा खाऊन खिडकीशी गेले. टाईप केलं. मोबाईल कानाला लावला, खाली घेतला, पुन्हा टाईप केलं. पडद्यावर इंग्रजीत आलं की, असं नाव असू शकत नाही. ते नीट वाचून त्यांनी मोबाईल पालथा ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “जेवलात का, मॅडम?”

आम्ही आत्ताच एका टेबलावर जेवलो होतो. “हो सर,” मी म्हणाले.

त्या वर्षी कॉलेज रंगवलं आणि दारांवर नव्या पाट्या लागल्या. ‘कर्हाळे’. बरेच दिवस ती तशीच होती. शेवटी मीच मार्कर घेऊन गेले. “असू द्या,” सर म्हणाले, “चालतंय.” त्या शब्दांनी मी जेवढी रडले तेवढी सुऱ्याच्या मयताच्या दिवशीही रडले नव्हते.

पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले, आणि तिथेच एका सकाळी झोपेतून उठले नाहीत. मी त्या मंडळीला कळवलं. दिवसभर तिथल्या चर्चेच्या पानावर निरोप येत राहिले, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही अशा लोकांचे, पण देवनागरीत. “जेवलात का, सर?” खाली सरांचं नाव, कऱ्हाळे, आणि प्रत्येकानं अर्धा र नीट काढलेला, ठरावात सांगितल्याप्रमाणे. सुनंदा कुऱ्हाडेनं काहीच लिहिलं नव्हतं. ती फुलं घेऊन गावी गेल्याचं वहिनींनी नंतर सांगितलं.

मला मात्र सर आठवतात ते त्याआधीचे, मुदखेडच्या स्टेशनवरचे. माझी बहीण तिथं दिलेली, वहिनींचं माहेरही तिथलंच. लग्नसराईचे दिवस होते, फलाटावर शेवंतीनं आणि झेंडूनं भरलेल्या वेताच्या पाट्या ओळीनं लावलेल्या. सर भेटले. वाळले होते. मी विचारलं, प्रतिनिधी आहात अजून, की सोडलं?

“कामून सोडू? लोकांनी मत दिलंय.”

“राग नाही येत त्या सगळ्याचा?”

“हाव,” ते म्हणाले. मी पुढच्या ‘न्हाई’ची वाट पाहिली. तो आला नाही.

गाडी लागली. ते पिशवी उचलून वहिनींच्या मागे डब्याकडे निघाले. तेवढ्यात फलाटाच्या टोकाकडून पाट्या चढवणाऱ्या एका माणसानं जोडीदाराला हाक मारली, “सुऱ्या! ए सुऱ्या! धर की इकडून!”

अर्धा र अगदी स्वच्छ होता. तो फक्त आपल्याकडच्या माणसाच्याच तोंडून तसा येतो, जीभ न टेकवता, घाईत.

सर वळले. मान वळवून नव्हे, पिशवीसकट सगळेच्या सगळे वळले. तोंड थोडं उघडलं होतं. चाळिशीचा एक धिप्पाड माणूस त्यांच्या अंगावरून पळत गेला आणि त्यानं पाटीला हात घातला. सर त्याच्याकडे बघत नव्हते. हाक आली होती तिकडे बघत होते.

“चला हो, गाडी सुटंल,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सरांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.